आठ पावलं

बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळ कंपनीच्या भोंग्यानं व्हायची नाही, वंदीच्या पायांनी व्हायची. भोंग्याच्या आधी ती उठायची आणि भिंतीला हात लावून मोरीकडं निघायची. एक पाय फरशीवर घासत यायचा, दुसरा आपटत. घस्, टप. घस्, टप. शेजारच्या काकू म्हणायच्या, आमच्याकडं घड्याळ बंद पडलं तरी चालतं, वंदी हाय ना. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला चुन्याचा एक पट्टा गुळगुळीत होऊन गेला होता. दर दिवाळीला अण्णा तो रंगवायचे आणि शिमग्यापर्यंत तो पुन्हा दिसू लागायचा. वंदी माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. जन्मताना तिचा श्वास लवकर सुरू झाला नाही, तेवढ्यात हातपाय आणि जीभ तिच्या ताब्यातून निम्मे सुटले. डोकं मात्र जागच्या जागी राहिलं, थोडं जास्तच. तिचं बोलणं कळायला थांबावं लागायचं. शब्द आत तयार असायचा, बाहेर यायला वेळ घ्यायचा, आणि थांबल्यावर जे ऐकायला मिळायचं ते बहुतेक आपल्याच फजितीचं असायचं. अण्णा पहिल्या पाळीहून आले की आंघोळ करताना मोठ्यानं गाणी म्हणायचे. एकदा वंदीनं सगळं गाणं ऐकून घेतलं, तोंडाची जुळवाजुळव केली आणि म्हणाली, "अण्णा... रेडिओ... लावा." माय हसून हसून चुलीपुढून उठली होती.

माय शेंद्र्याकडची. तिच्या माहेरी कारखाने नंतर आले, तेव्हा नुसती ज्वारी होती. तिचा स्वभाव एका म्हणीत बसायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची. पीठ संपत आलं असताना पाहुणा आला तर ती त्याला पोटभर वाढायची आणि आम्हाला डोळ्यांनी दटावून म्हणायची, "आमची जेवणं आत्ताच झाली, तुमी बसा." घरातलं उणं चार लोकांत काढायचं नाही हे तिचं व्रतच. लेकराचं तर मुळीच नाही. वंदीबद्दल कुणी हळहळत विचारलं की ती ताठ होऊन सांगायची, "काय नाय तिला, जरा हळू हाय." रविवारी विहारात वंदनेला जाताना ती वंदीला कडेवर घ्यायची नाही, हाताला धरून चालवत न्यायची. पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागायचा. वाटेत तीन-चार लोक भेटायचे आणि माय प्रत्येकाला म्हणायची, आज उशिरा निघालो जरा.

वंदीची दुसरी झाली आणि शाळेनं अडवलं. गुरुजी वाईट माणूस नव्हते. पहिली-दुसरीचे वर्ग खाली होते, तिसरीपासून वर, आणि वर जायचा जिना अरुंद, बाजूला कठडा नाही. "मी वर्ग खाली आणायला तयार आहे हो," ते अण्णांना म्हणाले, "पण नुसतं माझ्या मनानं केलं तर बाकीचे पालक भांडायला येतील. अपंगत्वाचा सरकारी दाखला आणा. नवा कायदा झालाय म्हणतात. दाखल्यावर चाळीस टक्के लिहून आणा, मी दुसऱ्या दिवशी फळा उचलतो." नाहीतर तिला घरीच शिकवा, असंही ते बोलले, पण अगदी खालच्या आवाजात. वंदी तेव्हा दारात उभी होती. घरी आल्यावर दप्तरातली पुस्तकं काढून तिनं फळीवर लावली आणि रिकाम्या दप्तराचा पट्टा हातात धरून बसून राहिली.

दाखल्याच्या तपासणीची तारीख मिळाली तेव्हा महिनाभर हातात होता. आणि आम्ही काय केलं, तर त्या महिन्यात वंदीला आधाराशिवाय चालायला शिकवलं. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्या साहेबांपुढं लेकरू न्यायचं, तर ते चांगलं दिसायला नको? रोज दुपारी दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत सराव चालायचा. या टोकाला मी, त्या टोकाला गुळाचा खडा घेतलेली माय. वंदी दोन पावलं टाकायची आणि मायच्या अंगावर कोसळायची. मग तीन. मग चार. गल्लीतल्या बायका दारात येऊन मोजायला लागल्या. तपासणीच्या दिवशी मायनं तिला निळा फ्रॉक घातला, डोक्याला तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या, आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारत होते आणि माय उत्तरं देत होती. चालते का? चालते की. हातानं जेवते? जेवते. बोलते? लई बोलते, सायब. कपडे घालते? समदं करते. आणि हे चाललेलं असताना वंदीनं माझा हात सोडला. समोर टेबल होतं, टेबलावर लाल शाईची दौत होती, आणि ती त्या दौतीकडं निघाली. एक, दोन, तीन. मी मनात मोजत होते. आठव्या पावलाला तिनं टेबलाची कड धरली आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर खदखदून हसली. आठ पावलं ती त्याआधी कधीच चालली नव्हती. अण्णांनी डोळे पुसले. येताना आम्ही गरम जिलबी घेतली आणि माय गल्लीत प्रत्येक घरी दोन-दोन कडी वाटत फिरली.

दाखला आला. त्यावर जो आकडा होता तो चाळिसाच्या बराच खाली होता. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "यात तर पोरीला फारसं काही नाहीच म्हटलंय," ते म्हणाले. "मग मी वर्ग कशासाठी हलवू?" अण्णांना वाटलं होतं की जास्त चांगली परीक्षा दिली की जास्त मिळतं. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं.

मी बारावी होऊन घरी बसले होते आणि छावणीत शमीम आपांकडं शिवण शिकायला जात होते. अण्णांच्या मते पोरीच्या हातात कसब असलेलं बरं, मायच्या मते पोरगी काही तास डोळ्यांपुढून हललेली बरी. आपांचं दुकान म्हणजे छावणीच्या बाजारातली एक लांबट खोली. फौजी लोकांचे गणवेश ढिले-घट्ट करून द्यायचं काम. आपा पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, गळ्यात कायम टेप. त्यांची मुलगी नसरीन बहिरी होती आणि शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती. ती तिथवर कशी पोचली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नसरीन मागच्या बाजूला काज करत बसायची आणि आपा तिच्याशी दोन्ही हातांनी बोलायच्या, तोंडात टाचण्या असल्या तरी त्यांचं अडायचं नाही. त्या दिवशी माझी शिवण वाकडी जात होती. आपांनी मशीनचं चाक धरून थांबवलं. "क्या हुआ रे? कपडे पे गुस्सा कायकू निकालती?" मी सगळं सांगितलं. जिलबीपर्यंत पोचले तेव्हा आपा हसायला लागल्या. मला राग आला. मग त्यांनी मला उभं केलं, गळ्यातला टेप काढला आणि माझ्या कमरेला लावला. मी सवयीनं पोट आत ओढलं.

"देखा?" आपा म्हणाल्या. "सब येईच करते. सुभेदारसाब भी करते. माप देते वखत पेट अंदर, फिर बोलते शमीम, शर्ट तंग हो गया. साँस छोड." मी श्वास सोडला. टेप दोन बोटं सरकला. "माप लेना तो बदन जैसा है वैसा. तुमने पोट्टी का पेट अंदर खींचको माप दिये. अब कागज तंग हो गया." त्यांनी टेप परत गळ्यात टाकला. शुक्रवारी दुकान बंद असतं, मी घरी येते, असं त्या म्हणाल्या. नसरीनच्या वेळी याच सगळ्यातून त्या गेल्या होत्या, आणि त्यानंतर छावणीतल्या चार-पाच आयांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या होत्या. त्यांच्याकडं पदवी नव्हती, पाटी नव्हती. एक जाड वही होती आणि एक नियम होता, कुठलाही अर्ज दोन प्रतींत करायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

शुक्रवारी आपा सकाळीच आल्या. मायनं येसराची आमटी केली होती, भाकरी केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी वाटली होती. पाहुणचाराला तोड नव्हती. पण आपा जेवायच्या आधी वही उघडून बसल्या आणि मला म्हणाल्या, तू मराठीत लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. आज दिवसभर वंदी जे करेल ते लिहायचं. कसं करते, किती वेळ लागतो, कुणाचा हात लागतो. मायच्या कपाळाला आठी पडली. आणि मग आम्हाला एक गंमत दिसायला लागली, जी इतकी वर्षं त्याच घरात राहून आम्हाला दिसली नव्हती. वंदी उठायला लागली की मायचा हात तिच्या पाठीशी आधीच गेलेला असायचा. कपातला चहा कलंडायच्या आत मायचं फडकं खाली. बटण वंदी लावायची, पण शेवटचा धक्का मायच्या बोटाचा. मायला स्वतःलाही ते कळत नव्हतं. ती आपांशी गप्पा मारता मारता, भाकरी थापता थापता हे सगळं करत होती. मी लिहायला घ्यावं तर लिहायला काही उरायचंच नाही.

आपांनी थोडा वेळ पाहिलं. मग त्या मायच्या शेजारी सरकल्या. "बहन, मेरे वास्ते एक काम करो. हाथ बांधको बैठो. एक दफा खाना होने तक."

"लेकरू उपाशी ऱ्हाईल," माय म्हणाली.

"नक्को घबराओ. मैं बैठी ना."

माय हाताची घडी घालून बसली. तिचे हात मोकळे पाहायची आम्हाला सवय नव्हती, बांधलेले पाहायची तर नव्हतीच. वंदी जेवायला बसली. पहिला घास तोंडापर्यंत जाईतो दोनदा सांडला. भाकरी तोडायला जमेना तेव्हा तिनं ती ताटात मनगटानं दाबून धरली आणि दातानं ओढली. आमटी फ्रॉकवर गेली. मायच्या घडीतली बोटं पांढरी पडली होती. अर्धी भाकरी संपायला पाऊण तास लागला. भाकरी संपली तेव्हा मायच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि वंदी, तोंडभर आमटी माखलेली, मला विचारत होती, "लिहिलं?" तिला हे फार आवडलं होतं. कुणीतरी तिचं सगळं करून होईपर्यंत थांबलं होतं, मध्ये हात न घालता. दुपारनंतर तर तिला जोरच चढला. "हे पण... लिही," म्हणत तिनं मुद्दाम तांब्या पाडून दाखवला. आपांनी तिचा कान धरला. "झूठ नक्को. जितना है उत्ता. माप में ढीला भी नहीं चलता." वंदी ओशाळली आणि तांब्या उचलायला लागली. त्याला किती वेळ लागला तेही आम्ही लिहिलं.

फेरतपासणीचा अर्ज मी दोन प्रतींत लिहिला. पोच घेतली. तारीख आली. आदल्या दिवशी माय आपांना म्हणाली, "आपा, उंद्या तुमीच बोला. मला नाय जमायचं. तिच्यासमोर तिचं उणं कसं काढू?" आपांनी सरळ नकार दिला. "मैं साथ आती. दरवाजे के पास खडी रहती. बोलना तुम. हर साल किसी ना किसी दफ्तर में जाना पडता, हर दफा शमीम कां से लाते?" मायला हे पटलं नाही. ती संध्याकाळभर भांडी जोरात आपटत होती. मला तेव्हा आपांचा रागच आला. मदतीला म्हणून आणलेलं माणूस ऐन वेळी बाजूला सरतंय असं वाटलं. पुढं अनेक वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी आपांनी केलेली मदत हीच होती.

तेच डॉक्टर होते, तेच टेबल. मायनं वंदीला निळाच फ्रॉक घातला होता, वेण्याही घातल्या होत्या. तेवढी हौस आपांनी तिला करू दिली. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला. "ही तर चालते ना?" त्यांनी विचारलं.

"चालते की," माय म्हणाली.

मी डोळे मिटले. आपा दारापाशी उभ्या होत्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. डोळे उघडले तेव्हा मायनं हाताची घडी घातलेली होती, त्या शुक्रवारी घातली होती तशीच.

"आठ पावलं चालते, सायब," ती म्हणाली. "नवव्याला पडते. मी मागं असते, म्हून तुमाला पडलेली दिसत नाय."

डॉक्टरांनी मान वर केली. आणि मग माय थांबली नाही. वही माझ्या हातात होती, मायला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एकेक ओळ तिला पाठ होती. बटणाला किती वेळ लागतो. चहा कपात निम्माच द्यावा लागतो. शाळेच्या वाटेवर किती वेळा टेकते. परक्याला तिचं बोलणं कळत नाय, पर थांबलं तर कळतं, सायब, थांबत कुणी नाय. डॉक्टर लिहीत होते. एकदा ते "बास, कळलं" म्हणाले, तर माय म्हणाली, "आजून हाय, ल्ह्या." त्यांनी खरंच लिहिलं. मग त्यांनी मला आणि मायला लांब उभं केलं आणि वंदीला चालायला सांगितलं. ती आठ पावलं गेली. नवव्याला पडली. माय जागची हलली नाही. हाताची घडी तिनं सोडली नाही. वंदी आपली आपण उठून बसली आणि डॉक्टरांना म्हणाली, "बघा... खरंय." तिला उभं राहायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते थांबले.

बाहेर आलो. फाटकापाशी लिंबाखाली अण्णा सायकल धरून उभे होते. मायला एकच धाकधूक, लेकराच्या मनाला लागलं असेल. ती वाकून वंदीचा फ्रॉक झटकत होती, जिथं धूळ नव्हती तिथंही. वंदी तोंड हलवायला लागली. आम्ही थांबलो. तिचा शब्द यायला त्या दिवशी नेहमीपेक्षाही वेळ लागला.

"माय," ती म्हणाली, "जिना... राह्यला."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. खरंच. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जिना मायच्या तोंडून निघालाच नव्हता. आपांनी कपाळावर हात मारला. पण त्या काही बोलायच्या आत माय मागं वळली होती. पदर कमरेला खोचून ती व्हरांड्यातली रांग ओलांडून गेली. शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत तिच्या मागं. दुसरं कुणाचं तरी लेकरू टेबलापुढं असताना तिनं दारातून आत डोकं घातलं आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "सायब, जिना राह्यला. तिला जिना चढता येत नाय. त्येच्यासाठीच तर आलो व्हतो." रांगेतले सगळे हसले. आतून डॉक्टर हसल्याचा आवाज आला. तेव्हाच मला वाटलं, आता काम झालं.

काम झालं. दाखल्यावर गुरुजींना हवा होता त्याहून मोठा आकडा आला. ते शब्दाला जागले. तिसरीचा फळा खाली आला आणि दुसरी वर गेली. दुसरीची पोरं वर जायला मिळालं म्हणून नाचत बाकं ओढत होती, आणि खाली वंदी दारापाशी उभी राहून कुठलं बाक कुठं ठेवायचं ते सांगत होती. तिचं सांगून होईपर्यंत पोरं बाक धरून उभी राहायची. एकाही पालकानं भांडण काढलं नाही. पुढच्या शुक्रवारी आपांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा. आम्ही चौघं आणि त्या मायलेकी, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वंदीनं फ्रॉकवर बराच खलिया सांडला. माय हाताची घडी घालून बसली होती आणि नसरीन ते पाहून हसत होती.

आपांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकले. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि मायच्या माहेरी ज्वारीच्या जागी कारखाने उभे राहिले. वंदी एका कार्यालयात लेखनिक आहे आणि चाकाच्या खुर्चीवरून साऱ्या कार्यालयाला धाकात ठेवते. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर ती बसते, भोवती दाखल्याचं विचारायला आलेले वेगवेगळ्या वस्त्यांतले आईबाप, मांडीवर लेकरं. ती पहिलं वाक्य एकच बोलते, घरी जा आणि एक जेवण होईपर्यंत हात बांधून बसा. नवीन आलेले गोंधळतात. जुने हसतात.

मागच्या महिन्यात आम्ही मायला गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडं नेलं. मायनं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, घरात चालता ना?"

"चालते की," माय म्हणाली. "समदं करते."

वंदीनं पिशवीतून वही काढली. तोंडाची जुळवाजुळव केली. डॉक्टरीणबाई थांबल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "मोरीपर्यंत... सतरा पावलं," वंदी म्हणाली. "मधे... दोनदा टेकते. उठताना... माझी खुर्ची धरते. लिहा."

माय रागानं तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं मांडीवरचे हात उचलले, सावकाश घडी घातली आणि म्हणाली, "जिन्याचं बी सांग."